तेलाच्या वेलला (विहिरीला) पाणी वाढलंय, सगळे म्हणतायत जेल मारा. मारू का?

बीनवाला_ट्रेनी
नमस्कार मंडळी, पेट्रोलियम करून दीड वर्ष झालं नोकरीला, गुजरातेत एका जुन्या फील्डवर प्रॉडक्शनला आहे. कंपनी आणि फील्ड विचारू नका, सांगता येणार नाही.

प्रॉब्लेम असा की आमची एक वेल आहे, सरळ उभी, 1400 मीटरच्या आसपास, वाळूच्या दगडात दोन थर परफोरेट केलेत (पाइपला भोकं पाडून उघडलेत) आणि मधे साधारण 4 मीटर शेल (पाणी जाऊ न देणारा चिखली खडक) आहे. स्वतःच्या दाबाने वाहते, पंप वगैरे काही नाही. दोन वर्षं 6 एमएम बीनवर (प्रवाह आवळणारं भोक) रोज 40 घनमीटर द्रव, वॉटर कट (द्रवातलं पाणी) 15 टक्के, शांत बाळ होतं एकदम. एप्रिलमध्ये टार्गेटची बोंबाबोंब झाली तेव्हा बीन 8 केली, मग तीन आठवड्यांत वॉटर कट 55 आणि आता 78. एकूण द्रव 58 झालाय म्हणून स्टेशनवरचे खूश होते पण तेल 34 चं पावणेतेरा झालं हे कोणी बघतच नव्हतं.

आता मीटिंगमध्ये साहेब म्हणाले कोनिंग झालंय, पॉलिमर जेल मारा. दुसरे म्हणाले जेल कशाला, वर्कओव्हर (दुरुस्तीची) रिग मोकळी आहे, सिमेंट स्क्वीझ करून (दाबाने सिमेंट भरून) परत परफोरेट करा. मी नवीन, मला म्हणाले तू प्रपोजल लिही. काय लिहू?? आणि अजून एक, शेजारच्या वेलला उलटंच, पाणी नाही पण जीओआर (एक घनमीटर तेलामागे किती घनमीटर गॅस) 110 वरून 400 झालाय, ती गॅस लिफ्टवर आहे (तेल वर यायला वरून गॅस सोडतो). तिथे पण हेच औषध चालतं का?

डेकवरचा_काका
बाळा आधी प्रपोजल लिहू नकोस. रोग कुठला ते कळायच्या आत सलाइन लावायची सवय आपल्याकडे फार आहे. मी तीस वर्षं समुद्रात काढली, निम्मी बॉम्बे हायवर, तिथे जे काही पैसे पाण्यात गेलेले पाहिले ते बहुतेक असेच गेले, म्हणजे केमिकल चांगलं होतं, पंपिंग चांगलं झालं, फक्त पाणी दुसरीकडूनच येत होतं.

पाणी यायच्या वाटा मोजक्या असतात. खालचं पाणी वेलच्या ओढीमुळे शंकूसारखं वर चढतं ते कोनिंग. केसिंगच्या (वेलच्या बाहेरच्या पाइपच्या) मागचं सिमेंट नीट धरलेलं नसतं, तिथून दुसऱ्या थराचं पाणी सरकत येतं. केसिंगलाच भोक पडतं. किंवा तुमच्या इंजेक्शन वेलचं (दाब टिकवायला जिथून पाणी आत सोडतात तो इंजेक्टर) पाणी एखाद्या जास्त पारगम्य थरातून नाहीतर भेगेतून थेट पळत येतं. चारही ठिकाणी वर टेस्ट सेपरेटरला (तेल, पाणी, गॅस वेगळं करून मोजतात तिथे) दिसतं तेच, 78 टक्के. पण औषध चौघांचं वेगळं.

बीन उघडली आणि पाणी आलं म्हणून बीनमुळेच आलं असं लगेच धरू नकोस, कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते कधीकधी. मला तीन गोष्टी सांग.

एक, मधल्या काळात वेल कधी बंद ठेवली होती का, आणि उघडल्यावर पहिल्या दोन दिवसात काय आलं. दोन, जवळ इंजेक्टर आहे का आणि एप्रिलमध्ये त्याचं काय केलं. तीन, वॉटर कट टक्क्यात नको, पाणी भागिले तेल असं दे, पहिल्या दिवसापासून. टक्केवारी फसवते रे. 90 चे 95 झाले तर वाटतं पाचच वाढले, पण एका पिंपामागे 9 पिंप पाणी होतं ते 19 झालं. तुझं 15 टक्के म्हणजे 0.18 होतं आणि 78 म्हणजे साडेतीन, वीसपट!

हे गुणोत्तर लॉग-लॉग कागदावर काढायचं आणि त्याचा वाढीचा वेग पण त्याच कागदावर. 1995 पासून हा चॅन प्लॉट म्हणून वापरतात. कोनिंग असेल तर गुणोत्तर हळूहळू वाढतं आणि वेगाची रेघ खाली उतरत जाते, चॅनेलिंग असेल तर दोन्ही रेघा वर चढतात. पण एकट्या प्लॉटवर फाशी देऊ नकोस कोणाला, तो साक्षीदार आहे, न्यायाधीश नाही.

गॅसवाल्या वेलबद्दल नंतर बोलतो, आधी एक सांग, 400 काढताना लिफ्टचा गॅस वजा केलास का?

बीनवाला_ट्रेनी
काका 🙏 शेवटच्या प्रश्नाने लाज काढलीत. नाही केला. सेपरेटरला 8000 घनमीटर गॅस, तेल 20, म्हणून 400 लिहिलं होतं मी. आता मीटर बघून आलो, लिफ्टसाठी आत रोज 5000 सोडतोय. म्हणजे जमिनीतला 3000 च, जीओआर 150. वाढलाय पण बोंब मारण्याइतका नाही. शीट माझ्या आधीच्या माणसाने बनवली होती आणि मी तशीच ओढत होतो.

बाकीचं सांगतो. फ्लोलाइन लीक झाली म्हणून जूनमध्ये 5 दिवस वेल बंद होती. उघडल्यावर पहिले दोन दिवस जवळजवळ नुसतं पाणी, मग परत 78 वर आली. इंजेक्टर 400 मीटरवर आहे आणि हो, एप्रिलमध्येच त्याचा रेट 120 चा 200 घनमीटर केलाय!! हे मला आज कळलं, ते खातं वेगळं आहे, त्यांची मीटिंग वेगळ्या दिवशी असते.

डेकवरचा_काका
वेगळं खातं, वेगळी मीटिंग. विहिरींना मात्र ते माहीत नसतं.

बघ, कोनिंग असतं तर 5 दिवस ओढ थांबल्यावर शंकू खाली बसला असता, उघडल्यावर आधी तेल जास्त आलं असतं आणि मग पाणी हळूहळू चढलं असतं. तुझं उलट झालं. म्हणजे एका थराचा दाब जास्त आहे, वेल बंद असताना त्या थरातलं पाणी आतल्याआत दुसऱ्या थरात घुसत होतं, आणि उघडल्यावर आधी तेच परत आलं. साहेबांना सांग कोनिंग म्हणणं अवघड आहे. जपून सांग पण.

लॅबवाली
मी प्रॉडक्शनवाली नाही, पाण्याच्या लॅबमध्ये आहे, पण कोणी पाण्यालाच विचारलं नाही अजून म्हणून लिहितेय. वेलहेडवरून सॅम्पल घे, हीटर ट्रीटरच्या (तापवून तेल-पाणी वेगळं करणाऱ्या टाकीच्या) खालचं नको, तिथे चार वेलचं मिसळलेलं असतं. क्लोराइड, सल्फेट, बायकार्बोनेट, बेरियम, एवढं बघ. जुना रिपोर्ट असेलच वेल सुरू झाली तेव्हाचा. आणि इंजेक्शनच्या पाण्याचं पण घे, त्याच दिवशी.

जिथे समुद्राचं पाणी इंजेक्ट करतात तिथे हे काम सोपं असतं, समुद्राच्या पाण्यात लिटरला 2700 मिलिग्रॅमच्या आसपास सल्फेट असतं आणि थरातल्या मूळ पाण्यात बऱ्याचदा अगदी कमी, त्यामुळे सल्फेट दिसायला लागलं की पाहुणा आला समजायचं. (आणि मूळ पाण्यात बेरियम असलं तर दोघं भेटून बेरियम सल्फेटचा थर बसतो ट्यूबिंगमध्ये (तेल वर आणणाऱ्या आतल्या पाइपमध्ये), जो साध्या ॲसिडला दाद देत नाही, ते वेगळंच दुखणं.) तुमच्याकडे जमिनीवर काय इंजेक्ट करता त्यावर आहे.

बीनवाला_ट्रेनी
ताई रिपोर्ट मिळाले. मूळ पाण्यात क्लोराइड 14000 मिलिग्रॅम, आता वेलहेडला 5000. इंजेक्शनला आम्ही तेलातून वेगळं केलेलं पाणी आणि ट्यूबवेलचं पाणी मिसळून सोडतो, त्याचं 3500.

लॅबवाली
मग साधं दूध-पाण्याचं गणित कर. 14000 वालं आणि 3500 वालं मिसळून 5000 यायला सातात सहा भाग इंजेक्शनचं पाणी लागतं. खडकाशी देवाणघेवाण होते म्हणून अगदी सहाच असं नको धरू, पण बहुतेक पाणी बाहेरचं आहे हे नक्की.

फक्त एक शंका ठेव. केसिंगला वरती भोक असलं तर उथळ थराचं पाणी पण असंच कमी क्लोराइडचं असतं. माझं रसायन इथे थांबतं, पुढे तुमच्यातल्या कोणी बोला.

वेंगुर्ल्याचा_बोअर
मला यातलं काही कळत नाही, तेलाशी संबंध फक्त खोबरेल तेलाचा 😄 पण वर काकांनी शंकूचं लिहिलंय ते वाचून विचारतोय. आमच्या घरची विहीर समुद्रापासून पाव किलोमीटर, आजोबांच्या वेळी रहाट होता तेव्हा पाणी गोड, मग बाबांनी शेजारी बोअर मारून मोटर बसवली आणि दोन उन्हाळ्यात पाणी मचूळ. चहा फाटतो. मोटर आठ दिवस बंद ठेवली की जरा बरं होतं. हे तेच का?

डेकवरचा_काका
अगदी तेच! किनाऱ्याला गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं. समुद्रसपाटीच्या वर गोड्याची पातळी 1 मीटर असली तर खाली गोडं साधारण 40 मीटरपर्यंत असतं, कारण दोघांच्या घनतेत फरकच मुळी अडीच टक्क्यांचा. म्हणून वरची पातळी अर्धा मीटर खाली ओढली की खालून खारं 20 मीटर वर यायला बघतं. रहाट ओढतो थोडं आणि दिवसातून दोनदा, मोटर ओढते तासन्तास, म्हणून शंकू चढतो. आणि बंद ठेवली की बरं होतं हीच कोनिंगची खूण, जी या पोराच्या वेलला नाही.

तुम्ही खोल बोअरचा हट्ट सोडा आणि विहिरीतच आडवे बोअर मारून घ्या, म्हणजे थोडं थोडं पाणी लांबून येईल आणि एका जागी ओढ बसणार नाही. तेलवाले आडव्या वेल काढतात त्या याच कारणासाठी.

मस्कतकर
काकांनी आडव्या वेलचा विषय काढलाच आहे तर मधे घुसतो, ओमानला बारा वर्षं झाली, मूळचा सांगलीचा.

आडवी वेल म्हणजे सगळं सुटलं असं नाही हां. दोन किलोमीटर आडवा पाइप असला की टाचेकडे म्हणजे जिथे वळते तिथे ओढ जास्त आणि बोटांकडे कमी, कारण वाहताना पाइपमध्येच दाब खर्च होतो. मग पाणी नाहीतर गॅस टाचेत आधी येतो आणि पुढचं दीड किलोमीटर तेल आत बसून राहतं. नॉर्वेचं ट्रोल फील्ड बघा, 1979 ला सापडलं, प्रचंड गॅस आणि त्याच्याखाली तेलाचा पातळ पापुद्रा, कुठे 20-25 मीटर, कुठे 12-14 च, आणि त्याखाली पाणी. वर गॅस खाली पाणी आणि मधे सँडविचमधल्या चटणीएवढं तेल. ते काढणं परवडणार नाही असंच सुरुवातीला म्हणत होते. शेवटी लांब आडव्या वेल आणि त्यात जागोजागी इनफ्लो कंट्रोल डिव्हाइस बसवून काढलं, 1995 पासून तेल सुरू. तो डिव्हाइस म्हणजे काही जादू नाही, प्रत्येक तुकड्याला बारीक भोक नाहीतर नागमोडी वाट दिलेली, जिथे जास्त येऊ बघतं तिथे जास्त अडतं, झालं. ठिबकच्या ड्रिपरसारखं, पहिल्या झाडाला पूर आणि शेवटचं कोरडं असं होऊ नये म्हणून जे करतो तेच.

मग पुढचा अवतार आला ज्यात आत एक तबकडी मोकळी असते. घट्ट तेल येत असेल तर ती उघडी राहते, पातळ गॅस नाहीतर पाणी सुसाट यायला लागलं की तिच्यावरून जाणाऱ्या प्रवाहाचा दाब कमी होतो आणि तबकडी वर ओढली जाऊन वाट बारीक होते. तार नाही, बॅटरी नाही, वरून कोणी बघायला नको. पण ही युक्ती तेल घट्ट असेल तिथेच पाण्यावर चालते, तेल पाण्याइतकंच पातळ असलं तर तबकडीला फरक कळणार कसा? सेल्सवाले हे सांगत नाहीत.

हे सगळं वेल पूर्ण करतानाच बसवायचं असतं, त्यामुळे ट्रेनी भाऊ तुला याचा आत्ता उपयोग शून्य. सॉरी, वाहवत गेलो. तुझ्यासाठी कामाचं हे की इंजेक्टर दहा-बारा दिवस बंद कर. पैसे लागत नाहीत, फक्त त्या दुसऱ्या खात्याची परवानगी लागते (तीच महाग 😅). पाणी कमी झालं तर वाट इंजेक्टरकडून आहे, केसिंगच्या भोकाला इंजेक्टरशी काही देणंघेणं नसतं. मग वायरलाइनवर (तारेवर) प्रॉडक्शन लॉग उतरव, स्पिनर (प्रवाह मोजणारी फिरकी) आणि तापमान, कुठला थर काय देतोय कळेल.

आणि जेल. मी जेलच्या विरोधात नाही, मी स्वतः ढिगाने पंप केलंय. पॉलिॲक्रिलामाइड आणि क्रोमियम ॲसिटेट, खाली जाऊन जेली होते. पण जेलला डोळे नसतात, जिथे वाट मिळेल तिथे जातं, तेलाच्या थरात पण जातं. भेगेत टाकलं तर भेग भरते आणि बाजूचा दगड वाचतो, तिथे छान. पण साध्या थरात चारी बाजूंनी पसरलं तर तेलाचा थर आधी वेगळा करून झाकायला लागतो, नाहीतर पाण्यासोबत तेल पण बंद. "पाण्याला अडवतं तेलाला नाही" अशी केमिकलं विकतात, त्यात पाण्याला जास्त अडवतं एवढंच खरं असतं. आणि दोन थरांच्या मधे शेल नसेल तर वेलजवळ दोन मीटर जेल भरून काय होणार, पाणी वळसा घालून येतं, थोड्या महिन्यांत परत तेच.

डेकवरचा_काका
मस्कतकरशी सहमत, एक सोडून. लॉगच्या आधी इंजेक्टर बंद करून बघ हे बरोबर, पण केसिंगमागचं सिमेंट कसं आहे त्याचा जुना बाँड लॉग पण काढ. मधल्या 4 मीटरमध्ये सिमेंट पोकळ असेल तर खालचा थर बंद करूनही पाणी पाइपच्या मागून वरच्या परफोरेशनला येईल. 4 मीटर म्हणजे काही फार नाही.

गॅसचं सांगायचं राहिलं होतं. गॅस पाण्यापेक्षा त्रासदायक, कारण तेलापेक्षा तो खूप हलका असतो म्हणून वर राहायला पाहिजे हे खरं, पण पातळ इतका की तेलापेक्षा पन्नासपट सहज पळतो, एकदा वाट सापडली की थांबत नाही. आणि नुसता तेल कमी करत नाही, वरच्या टोपीतला गॅस म्हणजे जमिनीचा दाब, तो काढून टाकला की सगळ्या फील्डचं तेल ढकलायला कोणी उरत नाही. बॉम्बे हायच्या मुख्य चुनखडीच्या थरावर पण गॅसची टोपी आहे, 1976 ला उत्पादन सुरू झालं आणि 1984 ला पाणी इंजेक्शन, दाब टिकवायला. म्हणजे एकीकडे आपणच पाणी ढकलायचं आणि दुसरीकडे ते पाणी तेलासोबत येऊ नये म्हणून आपणच धडपडायचं, संसारासारखंच आहे.

तुझ्या 150 वाल्या वेलला आत्ता काही मारू नकोस. बीन थोडी लहान कर, महिनाभर बघ. खरंच वाढला तर वरची परफोरेशन स्क्वीझ करून खाली नवीन मारायची. पाण्यावरचं जेल गॅसला नीट धरत नाही, फेस वापरतात त्याला, पण ते तुमच्या बजेटमध्ये बसेल असं वाटत नाही.

बीनवाला_ट्रेनी
अपडेट देतो, उशीर झाला, दोन महिने लागले कारण परवानग्या.

इंजेक्टर 12 दिवस बंद ठेवला, वॉटर कट 78 वरून 66. साहेबांनी पहिल्यांदा स्वतःहून विचारलं की हे कोणी सुचवलं, मी म्हटलं वाचनात आलं 😄 मग लॉग झाला. पाणी जवळजवळ सगळं खालच्या थरातून, वरचा थर अजून तेलच देतोय, थोडंसं पाणी. बाँड लॉग जुना आहे पण मधल्या शेलसमोर सिमेंट चांगलं दिसतंय. केसिंगला भोक नाही, वर तापमानात कुठे काही वाकडं नाही.

म्हणजे जेलही नाही आणि स्क्वीझही नाही? खालच्या थराच्या वर ब्रिज प्लग (पाइपमधलं बूच) बसवून त्यावर थोडं सिमेंट टाकायचं, एवढंच?

मस्कतकर
एवढंच. रिग मोकळी आहे म्हणालास ना, दोन-तीन दिवसांचं काम. कोणाला पटणार नाही इतकं स्वस्त आहे म्हणून प्रपोजलमध्ये चार ग्राफ जास्त टाक.

डेकवरचा_काका
थांबा थांबा. खालच्या थरात 400 मीटरच्या पट्ट्यात तेल उरलंय त्याचं काय? पाणी एका चिंचोळ्या वाटेने पळतंय, बाजूचं तेल तसंच आहे. प्लग बसवून वर सिमेंट टाकलं की तो थर या वेलपुरता मेला. माझ्या मते परत काढता येणारा प्लग बसवा, सिमेंट नको. आणि इंजेक्टरला लॉग करून बघा, 200 पैकी किती पाणी त्या खालच्या थरात जातंय. बहुतेक जातंय तर जेल मारायची जागा ती, इंजेक्टर. तिथून ते त्या वाटेत आत खोल जाईल, आणि इंजेक्टरला तेलाचा थर बुजायची भीतीही नाही. मग वर्षाने प्लग काढून बघा.

मस्कतकर
काका तत्त्वतः बरोबर, पण परत काढता येणारा प्लग वर्षभर वाळू आणि स्केल (क्षारांचा थर) बसून परत निघतोच असं नाही, मी दोनदा फिशिंगला (अडकलेलं बाहेर काढायला) बसलोय त्यापायी. वाळू येते का या वेलला?

बीनवाला_ट्रेनी
थोडी येते. बीन बदलताना झिजलेली दिसते.

डेकवरचा_काका
मग प्लगवर दोन मीटर बारीक वाळूच टाकून ठेवा, वरून येणारी घाण त्यावर बसेल, काढताना धुऊन काढायची. पूर्वी असंच करायचो. आणि इंजेक्टरचा रेट 120 वर आणायचं पत्र आजच लिही, प्लग बसेपर्यंत थांबू नकोस. त्या दुसऱ्या खात्याची मीटिंग कधी असते?

बीनवाला_ट्रेनी
गुरुवारी. जाऊन बसतो.